बिनडोक टाचणी

मंगळवारी सकाळी नऊला पहिला फोन आला. साडेनऊला मी रिसीव्हर उचलून बाजूलाच ठेवून दिला. ओढ्याच्या अलीकडच्या साडेतीनशे घरांतलं चित्र गेलं होतं, आणि आमच्या आटपाडीचा माणूस अशा वेळी फोनवर "चित्र गेलंय" असं साधं सांगत नाही. "काय रं जालू, झोपलास का मेलास?" असं विचारतो.

मी जालिंदर, केबलवाला. ही गोष्ट २००६ सालची आहे, तेव्हा मला बेचाळिसावं लागलं होतं आणि धंद्याला तेरा वर्षं झाली होती.

शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहाचा कप आणून खिडकीत ठेवला. तिची ही एक खोड. माझ्या हातात म्हणून काही द्यायची नाही, जवळपास कुठंतरी ठेवायची आणि मागं सरायची. मी त्याला माहेरचा माज म्हणायचो.

"दाजींना बोलवा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"आमच्या दाजींना. असला फॉल्ट त्यांनाच गावतो."

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही असं ठरलंय."

"तुम्ही ठरवलंय," ती म्हणाली आणि आत गेली.

दाजी म्हणजे सर्जेराव. शालनच्या थोरल्या बहिणीचा, मालनचा नवरा, म्हणजे माझा साडू. १९९३ साली आम्ही दोघांनी मिळून त्याच्या गच्चीवर बारा फुटांची डिश चढवली. ती बघायला खेड्यापाड्यांतून माणसं आली होती, एका म्हातारीनं तर तिला हळदकुंकू वाहिलं. तेव्हा केबलवाला म्हणजे काय चीज होती हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. मी हॉटेलात शिरलो की खुर्ची मोकळी व्हायची. मामलेदाराच्या घरातून मी चपला न काढता गच्चीवर जायचो आणि त्याची बायको मागनं फरशी पुसत यायची. लोकांना आम्ही काय दाखवतो याच्याशी फारसं घेणं नव्हतं, दिसतंय एवढ्यावरच ती खूश होती.

धंदा वाढल्यावर आम्ही वाटणी केली. शुक ओढ्याच्या अलीकडं मी, पलीकडं सर्जेराव. डिश दोन झाल्या, पण आमचं गावचं चॅनल एकच होतं आणि त्यावर बातम्या सांगायला मालनची पोरगी रोहिणी बसायची. तेव्हा नऊ वर्षांची. दोन वेण्या घालून, कॅमेऱ्याकडं न बघता माझ्याकडं बघत ती म्हणायची, "प्रेक्षकहो, ओढ्याला पाणी आलंय, पुलावरून जपून जावा." आम्हाला मूलबाळ नव्हतं. शालनचा जीव त्या पोरीत होता, माझाही होता म्हटलं तर खोटं नाही.

मग त्या मंगळवारच्या आठ महिने आधी सर्जेरावानं ओढा ओलांडला. माझ्या बाजूच्या डॉक्टर कुलकर्ण्यांना त्यानं कनेक्शन दिलं. डॉक्टरांचं म्हणणं, मी अकरा दिवस त्यांच्या तक्रारीकडं फिरकलो नव्हतो. फिरकलो नव्हतो, खरं आहे. पण म्हणून साडूनं साडूच्या हद्दीत वायर टाकायची का? मी पुलावर जाऊन ती वायर माझ्या हातानं तोडली आणि त्याला सांगितलं, आजपासून तुझं माझं संपलं. तो वायरीचं तुटकं टोक गुंडाळून निघून गेला. त्याचं हे गप्प बसणं मला कधीच सहन झालं नाही.

आणि आता शुक्रवारी रोहिणीचं लग्न होतं. शालन मावशी, तिनं पाठराखीण म्हणून पोरीबरोबर सासरी जायचं असं पोरगी शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं. मी शालनला सांगून टाकलं होतं की त्या मांडवात पाऊल टाकलंस तर परत या घराचा उंबरा चढू नकोस. ती रडली नाही. फक्त विचारलं, "आन् ह्यात पोरीची काय चूक?" मी म्हणालो, "बापाची निवड."

असो. तर मी वायर तपासायला बाहेर पडलो.

केबलचा फॉल्ट हुडकायचा म्हणजे खांद्याला बॅटरी, बगलेत पाच इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि हातात पक्कड घेऊन घरोघर छपरांवर चढायचं. प्रत्येक जोडावर वायर सोडवून टीव्हीला लावायची, चित्र आहे का बघायचं, पुढं जायचं. माझी पक्कड लाल मुठीची, जड, मिरजेहून आणलेली. हाताला इतकी बसलेली की जेवताना सुद्धा शेजारी असायची. एकदा रागाच्या भरात ती मी भिंतीवर फेकली आणि मध्ये शालन आली. भुवईवर तीन टाके पडले. मध्ये आली नसती तर लागली नसती, हे मी डॉक्टरांनाही सांगितलं. तिला दवाखान्यात नेलं होतं सर्जेरावानं, त्याच्या मोटारसायकलवरून, आणि वर तिथंच मला चारचौघांत म्हणाला, "जालिंदरराव, हत्यार कामाचं असतंय." मला उपदेश करायला हा कोण?

मंगळवारी दिवसभर फिरलो. काही सापडेना. बुधवारी पुन्हा पहिल्यापासून. दुपारी घरी येऊन सुपारी कातरायला बसलो तर अडकित्ता चालेना. बघतो तर पात्याला ही एवढी खाच. माझ्या वडलांचा अडकित्ता.

"ह्यानं काय दगडं फोडलीस काय?"

"पडला आसंल," शालन म्हणाली. मग थोड्या वेळानं, दारातूनच, "अवो, दोन दिस झालं. लोकं शिव्या द्याय लागल्यात. दाजी घटकाभरात काढतील. मी जाऊन सांगू का? तुमचं नाव न घेता सांगते."

"माझी साडेतीनशे घरं कायमची गेली तरी चालतील. तो माझ्या छपरावर चढायचा नाही."

"एवढा राग कशाचा वो?"

मी पक्कड उचलून बाहेर पडलो. खरं तर मला ते सांगता आलं नसतं.

घरं खरंच चालली होती. त्याच आठवड्यात बाजारात एक डिशवाला आला होता. घराच्या छपरावर बसणारी छोटी छत्री, केबलवाल्याची गरज नाही, असं ओरडून सांगत होता. आदल्या महिन्यात असता तर लोक त्याला हसले असते. पण दोन दिवस टीव्हीवर मुंग्या बघून माणसांची डोकी फिरली होती. बुधवारी संध्याकाळपर्यंत माझ्या गल्लीत चौदा छत्र्या लागल्या. मी शिडीवर असताना समोरच्या छपरावर त्याचा माणूस छत्री बसवत होता. त्यानं मला हात केला. मी थुंकलो.

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की हा साधा फॉल्ट नाही. ही टाचणी आहे.

टाचणीचं सांगायला पाहिजे. वायर कापली तर ती दिसते, कुणीही जोडतो. पण वायरीत टाचणी आरपार टोचली की ती आतल्या तारेला आणि बाहेरच्या जाळीला एकदमच शिवते आणि चित्र मरतं. मग टाचणीचं डोकं तोडून टाकायचं आणि त्या टिंबावर काळं वंगण लावायचं. वायर बाहेरून धडधाकट दिसते. मैलभर वायरीत ते टिंब हुडकायचं म्हणजे चार दिवस गेलेच समजा. ही युक्ती सर्जेरावाची. आमचा धंदा एकत्र होता तेव्हा सांगोल्याचा एकजण आमच्या गावात केबल टाकायला आला होता. आम्ही त्याला सहा आठवड्यांत पळवून लावला. भरदुपारी, लोक जेवून आडवे झाले की आम्ही निघायचो. शालन खाली शिडी धरायची, मी वर, आणि सर्जेराव मला कुठं टोचायचं ते दाखवायचा. आम्ही त्या टाचणीला बिनडोक म्हणायचो आणि तो माणूस बिनडोकासारखा खांबावरून खांबावर फिरायचा ते बघून हसायचो. तो गेला तशी सर्जेरावानं शपथ घेतली की पुन्हा हे करायचं नाही. पाप आहे म्हणाला. पण विद्या एकदा आली की आली. आणि गावात ती दोघांनाच ठाऊक होती.

गुरुवारी सकाळी मी टीव्ही घरीच ठेवला आणि नुसता हात वायरीवरून फिरवत निघालो. दुपारी पुलाजवळच्या पिठाच्या गिरणीशी आलो. तिथं मी वायर भिंतीवरून खाली घेतली होती, हाताला येईल इतकी. सगळ्या वायरीवर पिठाचा पांढरा थर. आणि एके ठिकाणी चार बोटं जागा पुसलेली. तिथं काळं टिंब.

मी पकडीनं ते टिंब धरलं आणि ओढलं. टाचणी बाहेर आली. गिरणीत तीन बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या घरच्या टीव्हीवर चित्र आलं असेल की नाही याचा मी विचारही केला नाही. गिरणीपासून पूल पन्नास पावलांवर. सर्जेरावाच्या हद्दीला लागून. आणखी काय पुरावा पाहिजे होता? पकडीच्या जबड्यात टाचणी तशीच धरून मी पूल ओलांडला.

सर्जेरावाच्या दारात मांडव होता. रोहिणीला पाटावर बसवून हळद लावत होते. बायकांचं गाणं चाललं होतं, ते मी आत शिरताच एकेक करत थांबलं. मी सर्जेरावाला हुडकत होतो आणि मला आधी दिसली शालन. पोरीच्या पाठीशी बसलेली, दोन्ही हात हळदीनं माखलेले. घरी स्वयंपाक करून, मला वाढून ठेवून, माझ्या माघारी ती इथं आली होती.

एकाच वेळी दोन माणसांनी मला फसवलंय असं वाटलं. माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

सर्जेराव पुढं आला. अंगावर नवं धोतर, टॉवेलानं हात पुसत. "या, जालिंदरराव," म्हणाला. चेहरा उजळला होता त्याचा. त्याला वाटलं असावं मी लग्नाला आलो.

"पाव्हणं," मी मोठ्यानं म्हणालो, "तुमची वस्तू आमच्याकडं राहिली होती. द्यायला आलोय."

आणि पक्कड त्याच्या तोंडासमोर धरली.

त्यानं टाचणी जबड्यातून काढून घेतली. तळहातावर ठेवून बघितली. टोकाचं काळं अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं. पुन्हा बघितली. मी म्हणालो, "वास काय घेताय? तुमचंच वंगण. पोरीच्या लग्नात माझा धंदा बसवायचा मुहूर्त बरा गावला."

तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या हाताकडं बघत होता. मग त्याची नजर वळून मागं पाटाकडं गेली, आणि तिथंच थोडा वेळ राहिली.

"माझी हाय," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला. मांडवाला ऐकू दे."

"मी टोचली," सर्जेराव मोठ्यानं म्हणाला. "गिरणीपाशी. मीच. झालं? आता जावा. पोरीची हळद हाय."

मालन तोंडाला पदर लावून उभी होती. "अवो, काय बोलताय हे?" ती नवऱ्याला म्हणाली. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

मला वाटलं होतं तो नाकारेल. मग मी त्याला खोटा पाडीन, भांडण होईल, मारामारी होईल, कुणीतरी मध्ये पडेल. त्यानं कबूल केल्यावर माझ्याजवळ करण्यासारखं काही उरलं नाही. मी मांडवातून आत गेलो आणि शालनला मनगटाला धरून उठवलं.

"काका," रोहिणी म्हणाली. हळदीनं तिचे डोळे मिटत होते. "मावशीला ऱ्हाऊ द्या. तुम्ही जावा, पण मावशीला ऱ्हाऊ द्या."

शालन हळदीच्या हातांनीच चालायला लागली. पूल ओलांडेपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही. माझा हात पिवळा झाला होता, तो रंग दोन दिवस गेला नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडून बँडचा आवाज येत होता तेव्हा मी टीव्हीचा आवाज मोठा केला.

त्यानंतर शालन तिच्या बहिणीच्या दारात गेली नाही. मी जाऊ दिलं नाही असं म्हणा. भाऊबीज नव्हतीच त्या दोघींना, भाऊ नव्हता, दोघीच एकमेकींना ओवाळायच्या, तेही बंद झालं. बाजारात समोरासमोर आल्या तर शालन माझ्याकडं बघायची आणि दुसऱ्या गल्लीत वळायची. मी एकदाच विचारलं, "हळदीला गेलीसच कशी?" ती म्हणाली, "पायानं."

धंद्याचं म्हणाल तर त्या तीन दिवसांत लागलेल्या छत्र्या उतरल्या नाहीत, वाढत गेल्या. मग सरकारनं घरटी सेट टॉप बॉक्सचा डबा बसवायला लावला, डबे कुठल्या कुठल्या मोठ्या कंपन्यांचे, आम्ही नुसते हमाल. मग माणसांच्या हातात मोबाइल आले आणि डबेही धूळ खात पडले. शेवटी माझ्याकडं पस्तीस घरं उरली होती, सगळी म्हाताऱ्यांची. प्रत्येक कनेक्शन तुटलं की मी सर्जेरावाला शिवी द्यायचो. ओढ्यापलीकडं त्याचीही तीच गत झाली हे मला ठाऊक होतं, तरी द्यायचो. ते तीन दिवस नसते तर लोकांना छत्रीची चव लागली नसती, हे मी पंधरा वर्षं ज्याला त्याला सांगत आलो.

सर्जेराव वारला तेव्हा मी मातीला गेलो नाही. नंतर गिरणीवाल्यानं मला सांगितलं की शालन पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभी राहून, पलीकडं धूर दिसेनासा होईपर्यंत बघत होती. पूल तिनं ओलांडला नव्हता.

त्याच्या पुढच्या महिन्यात नगरपंचायतीची नोटीस आली. खांबांवरच्या, भिंतींवरच्या जुन्या केबल वायरी ज्याच्या त्यानं काढून न्याव्यात. मी पक्कड घेतली आणि तेरा अधिक पंधरा वर्षांची वायर गुंडाळायला लागलो. तिसऱ्या दिवशी गिरणीशी पोचलो. गिरणी बंद पडली होती, पण वायरीवर पीठ अजून होतं, घट्ट बसलेलं. दुपारी शालन जेवणाचा डबा घेऊन आली. तिनं तो गिरणीच्या पायरीवर ठेवला.

"हितंच टोचली होती चोरानं," मी म्हणालो. "मेला, पण माझ्या संसाराला भोक पाडून मेला."

"मी पलीकडं निघालेय," शालन म्हणाली. "माली एकटी पडलीय. तिच्याकडं ऱ्हाणार हाय."

"त्या चोराच्या घरात?"

"त्यांनी न्हाई टोचली."

"कबूल केलं होतं त्यानं. भर मांडवात."

"मी टोचली." तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "दळणाला आले तवा. माझ्याच शिवणाच्या डब्यातली टाचणी. डोकं अडकित्त्यानं तोडलं. वंगण न्हवतं घरात, म्हणून काजळ लावलं."

मी वायर सोडली. "का?"

"तुमास्नी फॉल्ट गावायचा न्हाई, म्हाईत होतं. वाटलं, एक दिस जाईल, दोन दिस जातील, मग दाजींना बोलवाल. ते येतील, दोघं मिळून हुडकाल, च्या पिऊन जातील. आन् मला शुकरवारी पोरीसंगं जाता येईल. पण तुम्ही त्यांना बोलवण्यापरीस साडेतीनशे घरं सोडली."

"मग हे तेव्हा सांगायचं होतंस."

शालननं भुवईवरून बोट फिरवलं. घाम पुसल्यासारखं.

"आन् त्यानं? त्याला कळलं होतं ना काजळ आहे ते? मग स्वतःवर कशाला घेतलं?"

"तुमच्या हातात पक्कड होती," शालन म्हणाली.

ती वायरीच्या ढिगाच्या पलीकडं उभी होती. आल्यापासून तिथंच, चार पावलं लांब. मी खाली बघितलं. लाल मूठ माझ्या हातात होती, इतकी घट्ट धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि मी ती कधी आवळली ते मला आठवेना.

बोटं सुटायला वेळ लागला. मी पक्कड डब्याशेजारी पायरीवर ठेवली आणि काहीतरी बोलायचं म्हणून वर बघितलं, तोवर शालन पुलाच्या मध्यावर पोचली होती.